आक्काची झोप

आश्विनातली उन्हं कलायला लागली की परसातल्या सुपारींच्या सावल्या अंगणात लांबत येत, आणि त्या सावल्यांच्याच संथ गतीने आक्काचा उजवा हात मांडीवरून उचलला जाऊन छातीपाशी येऊन थांबे. पाचही बोटं पसरलेली, मान किंचित कललेली, नजर कुठेच नाही. बंद दाराआडचं बोलणं ऐकू पाहणाऱ्या माणसाने श्वास रोखून उभं राहावं, तशी ती स्वतःच्याच काळजाची चाहूल घेत ओटीवर बसलेली असे. भोवती सगळं प्रसन्न असे. पिकल्या भाताचा उबदार वास खाचरांवरून तरंगत येई, खाडीकडचा वारा ओठांवर मिठाची पुसट चव ठेवून जाई, आणि उजेड असा मऊ होत जाई की विहिरीच्या काठावर घासून पालथी घातलेली कळशीही सोन्याची वाटावी. त्या सोनेरी वेळी माझी बहीण आतून काळवंडत जाई. इतरांच्या घरी संध्याकाळ होते. आमच्या घरी त्या वर्षी संध्याकाळ अशी नव्हतीच. रात्रीची धास्तीच तेवढी दुपार सरताच उंबऱ्याशी येऊन बसायची.

आक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मला पाटीवर अक्षरही नीट काढता येत नव्हतं, आणि आक्का नांदायला गेली होती तिथून नुकतीच कायमची परतली होती. का परतली हे तिने कधी सांगितलं नाही, आणि आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, कधी विचारलं नाही. आल्या दिवशीच तिने पदर खोचला आणि घर, भातशेताचा तुकडा आणि मी, असं सगळं एकदम उचललं. मला आईचा चेहरा आठवत नाही. आठवण म्हणून जे काही मनाच्या तळाशी आहे, त्याला आक्काच्या तळव्यांचा खरखरीत स्पर्श आहे आणि तिच्या लुगड्याला येणारा, मोड आलेल्या वालांचा हिरवट, उग्र वास आहे.

बोर्ली पंचतनच्या बाजारात ती भाजी घेऊन बसे. पावसाळ्यात पडवळ, शिराळी, भेंडी; थंडीत वालाच्या शेंगा, आणि घरी भिजवून, मोड आणून, एकेक करून सोललेले कडवे वाल. माणसं तिच्यापाशी थांबत ती केवळ वालांसाठी नव्हेत. तिच्या बोलण्याला भरतीच्या पाण्याचा जोर होता. तो आवाज बाजाराच्या या टोकाला उठला की त्या टोकाचे लोक हसू लागत. घासाघीस करणाऱ्याला ती म्हणे, "दादा, कडू वाल हायेत, जीभ कशापायी कडू करता?" त्या आवाजावर मी शिकले, शिक्षिका झाले, शेजारच्या गावातल्या शाळेत लागले. आबा गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो. मी लग्न केलं नाही. कुणी अडवलं म्हणून नव्हे, तर आमचं दोघींचं घर मला कधी अपुरं वाटलंच नाही म्हणून. अशा बाईला भय वाटू शकतं, हे गावाला पटायला फार वेळ लागला. मला त्याहून अधिक.

सुरुवात कुठून झाली हे मी पुष्कळ शोधलं. दुःखाला कारण सापडलं की बरं असतं. ज्या दाराने ते आलं त्याच दाराने कधीतरी जाईल अशी आशा धरता येते. आक्काच्या भयाला दार नव्हतं. पावसाळ्यात भिंतीला ओल धरते, कुठून झिरपली ते दिसत नाही, फक्त एक दिवस रंग फुगून येतो. तसंच ते झालं. ऐन बाजारात, तराजू हातात असताना, तिने माप अर्ध्यावर सोडलं आणि ती खाली बसली. अंग घामाने निथळलं, बोटं बधिर झाली, तोंडातून शब्द फुटेना. शेजारच्या मासळीवालीने तिला पाणी पाजून रिक्षात घातलं आणि मला शाळेत निरोप धाडला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा ती खाटेवर पडून छताकडे पाहत होती.

"सुमे," ती म्हणाली, "मी मरत व्हते. खरंच मरत व्हते गं."

डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं, साखर पाहिली, आणि हसून म्हणाले की सगळं नॉर्मल आहे, उन्हाने झालं असेल. आम्ही घरी आलो. त्या दिवशी मी शेवयांची खीर केली होती, इतका आनंद झाला होता मला. तो आठवडाभरही टिकला नाही. धडधड पुन्हा आली, पुन्हा दवाखाना, पुन्हा तोच कागद. मग श्रीवर्धन झालं, म्हसळा झालं. छातीचे फोटो, पोटाची सोनोग्राफी, मानेतल्या कसल्याशा गाठीची शंका, ती फिटल्यावर डोक्यातल्या मुंग्यांची शंका. प्रत्येक तपासणीनंतर चार घटका तिच्या चेहऱ्यावर श्रावणातल्या उन्हासारखी उघडीप पडे, आणि पाहता पाहता तो चेहरा पुन्हा झाकोळून जाई. शेवटी एकदा तिने बोर्लीच्या डॉक्टरांना विचारलं, आणि तिच्या विचारण्यात भांडण नव्हतं, केवळ हतबलता होती.

"समदं नॉर्मल हाय म्हनता. मंग दुखतंय ते कुनाचं?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

झोपेविषयी काय सांगावं? निद्रा ही आमच्या घरातली फार जुनी, गरीब सोयरी होती. आक्का पाठ टेकायची आणि गाढ झोपायची. आता तिला बोलवावं लागे, आणि बोलावून येत नाही हे कळल्यावर तिची भीती वाटू लागे. झोप लागणार नाही या विचाराने आक्का दुपारपासूनच खचत जाई, आणि खचलेली ती अंथरुणावर जाऊन नुसती पडून राही. पहाटे मी उठून चुलीकडे येई तेव्हा ती तिथे आधीच बसलेली असे. डोळे तांबारलेले, ओठ सुकलेले, चेहऱ्यावर परतीची वाट न सापडलेल्या प्रवाशाचा शीण. "लागली का जरा?" मी विचारी. ती मान हलवी. ती मान होकारासाठी हलली की नकारासाठी, हे मी कालांतराने विचारणं सोडून दिलं.

दिवसा तिच्या हातात मोबाइल असे. आक्का चौथीपर्यंत शिकलेली, पण ऐकायला शिक्षण लागत नाही. कुणी अनोळखी माणूस गंभीर, खर्जातल्या आवाजात छातीतल्या दुखण्याची लक्षणं सांगत असे आणि ती प्रत्येक लक्षण स्वतःच्या देहात शोधून काढत असे. मग तिने बीपीचं मशीन मागितलं. तिला आधार होईल म्हणून मीच अलिबागहून येणाऱ्या एका ओळखीच्याकडून ते आणवलं. दंडाला गुंडाळलेला तो काळा पट्टा फुगताना जो घुर्र असा आवाज करी, तो पुढे आमच्या घराचा श्वास झाला. उठल्यावर मशीन, चहानंतर मशीन, विहिरीवरून आल्यावर मशीन. आकडा थोडा वर गेला की तो वर गेल्याच्या भयाने पुढचा आकडा आणखी वर जाई, आणि ती माझ्याकडे अशी पाही, जणू पाण्यात बुडणारं माणूस काठावरच्याकडे पाहतंय आणि काठावरच्याला पोहता येत नाही हे दोघांनाही ठाऊक आहे.

मी दमत गेले. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. शुश्रूषेविषयी जे सुंदर बोललं जातं त्यात हा शीण सहसा कुणी घालत नाही. तापाने फणफणलेल्या माणसाचा ताप उतरताना दिसतो, मोडलेलं हाड जुळतं. भयाला उतार दिसत नाही. तेच प्रश्न, तीच उत्तरं, "मला काय व्हनार तर न्हाय ना?" "काही होणार नाही, आक्का." हे वाक्य मी इतक्यांदा उच्चारलं की त्यातला अर्थ गळून पडला आणि नुसता ध्वनी उरला. फळ्यावर बेरीज लिहिता लिहिता माझा डोळा लागे. वर्गातल्या मुलींचं कुजबुजणं दूरच्या पाण्यासारखं ऐकू येई, आणि त्या अर्ध्या क्षणाच्या गुंगीतही मला माझ्या नावाने हाक ऐकू येत असे.

लोकांनी आपापल्या परीने हातभार लावला. कुणी जायफळ उगाळून द्यायला सांगितलं, कुणी तळपायाला तेल चोळायला. मी सगळं केलं. तेल चोळताना तिच्या भेगाळलेल्या टाचा माझ्या मांडीवर असत आणि त्या किती हलक्या झाल्यात हे जाणवून मी मान वर करत नसे. शाळेतल्या एका बाईंच्या जावेला असाच त्रास होता. ती अलिबागला मनाच्या डॉक्टरांकडे जाऊन बरीच सावरली, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा मी घरी येऊन आक्कापाशी जपून तो विषय काढला. ती ताडकन उठून बसली.

"मी काय येडी हाय?"

"वेडी कोण म्हणतंय तुला? झोप येत नाही, त्यावर औषध..."

"बाजारात काय सांगशील? तुजी आक्का खुळ्यांच्या डागदराकडं गेली?"

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, तेही मशीनचे सेल संपलेत हे सांगायला.

शेजारच्या शांताकाकूंनी मात्र वेगळाच मार्ग सांगितला. डोंगरापलीकडे एक भगत आहे, तो अंगारा देतो, बाहेरचं काही असेल तर निघून जातं. त्या मनाने फार भल्या. आक्कासाठी त्यांचा जीव तुटत होता. पण आमच्या ओटीवर बसून भगताचं नाव घेणं हे धाडसच होतं. आबा पोरवयात बौद्ध झालेल्यांपैकी. आमच्या आळीने घरातले देव खाडीत सोडले तेव्हा टोपली डोक्यावर घेणाऱ्यांत ते होते, आणि या घरावर भगताची सावली पडणार नाही, एवढा एकच वारसा त्यांनी आम्हाला बजावून दिला. आक्काने तो जपला होता. आळीतल्या एका पोरीला ताप भरला असताना तिच्या उशाशी मोरपिसं हलवणाऱ्या माणसाला बाजूला सारून, ती पोर खांद्यावर टाकून, भर पावसात बोर्लीपर्यंत चालत गेलेली आक्का मी लहानपणी पाहिली आहे. ती पोर जगली. आज तिला मुलं आहेत. म्हणून शांताकाकूंचं बोलणं ऐकून आक्का आता काय बोलेल, या धास्तीने मी चहा घेऊन बाहेर आले, तर ती काहीच बोलली नव्हती. जमिनीकडे पाहत बसली होती.

त्यानंतर काही दिवसांनी, पौषातल्या एका संध्याकाळी, आम्ही दोघी वाल सोलत बसलो होतो. बाजार तिने सोडलाच होता, पण हाताला चाळा म्हणून मी मूठ-दोन मूठ वाल भिजत घालत असे. भिजून फुगलेली साल अंगठ्याने दाबली की आतला फिकट हिरवा दाणा निसटून येतो, आणि तेवढा वेळ आक्काच्या हाताला छातीकडे जायची सवड मिळत नसे. भिंतीवरच्या तसबिरींसमोर मी मेणबत्ती लावली होती. बाहेर धुकं खाचरांवर उतरत होतं आणि कुणाच्या तरी शेतात पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायला, पेटवलेल्या पेंढ्याचा धूर त्यात मिसळून सगळा आसमंत राखाडी, पेंगुळलेला झाला होता.

"सुमे," ती मान वर न करता म्हणाली, "त्या भगताकडं नेतेस का मला?"

माझा हात थांबला. मनात काय काय यायला हवं होतं. आबांचा चेहरा, ती तापाने फणफणलेली पोर, पाऊस. त्यातलं काहीच आलं नाही. डोंगर चढायला किती वेळ लागेल, रविवारी जावं की शनिवारी शाळा सुटल्यावर, एवढंच आलं.

"नेते," मी म्हणाले. "रविवारी जाऊ."

ती माझ्याकडे पाहू लागली. मेणबत्तीचा उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर होता. किती तरी महिन्यांनी ती स्वतःच्या आत न पाहता दुसऱ्या कुणाकडे तरी पाहत होती, हे मला जाणवलं आणि मी घाबरले.

"तू न्हाय म्हनशील आसं वाटलं व्हतं," ती म्हणाली. "तू न्हाय म्हनावंस म्हनून इचारलं मी."

"मी दमलेय गं, आक्का."

हे वाक्य मी ठरवून म्हटलं नाही. ते माझ्या तोंडून असं निघालं, जसा दाबलेल्या सालीतून दाणा निसटतो. आक्काने वालांची परात बाजूला सारली. मग तिने तो खरखरीत तळवा माझ्या गालावर ठेवला, आणि माझं तोंड उजेडाकडे वळवून ती न्याहाळत राहिली. माझ्या डोळ्यांखाली काय दिसलं तिला, ठाऊक नाही.

"किती वाळलीस," ती म्हणाली. "मला दिसलंच न्हाय." आणि हात खाली घेत, "त्या भगताचं ऱ्हाऊ दे. तुज्या त्या मनाच्या डागदराकडं जाऊ. लोक काय म्हनायचं ते म्हनोत. तू पडलीस तर मला कोन हाय?"

ती स्वतःसाठी तयार झाली नाही. माझ्यासाठी तयार झाली. आईपण तिच्यात इतकं खोल मुरलेलं होतं की भयालाही तिथवर पोचता आलं नव्हतं.

अलिबाग काही फार दूर नाही, पण त्या दिवशी ते क्षितिजापल्याड होतं. एस्टीने दिघी, दिघीहून फेरीबोट, पलीकडे आगरदांडा, मग मुरूड, काशीद आणि पुढे. बोट धक्क्यापासून सुटली आणि मधलं पाणी रुंदावत गेलं, तशी आक्काने कठड्याची सळई दोन्ही हातांनी धरली. तिच्या वरच्या ओठावर घाम आला.

"मागं फिरवायला सांग त्यांना," ती म्हणाली. "मला न्हाय जमायचं."

"बोट मागे फिरत नाही, आक्का."

"मंग काय करू?"

"माझ्याकडे बघ. पलीकडे लागेपर्यंत माझ्याकडेच बघ."

ती पाहत राहिली. पाण्यावर उन्हाचे असंख्य तुकडे हलत होते, एक पांढरा पक्षी बोटीच्या पाठोपाठ येत होता, कुणाची तरी मोटारसायकल धक्क्याने कलंडली आणि माणसं हसली. आणि आम्ही दोघी त्या सगळ्यातून वगळल्यासारख्या एकमेकींच्या डोळ्यांत पाहत खाडी ओलांडून गेलो. काशीदला बसच्या खिडकीतून पांढऱ्या वाळूवर घोडागाड्या दिसल्या, रंगीत छत्र्या, लाटांकडे पाठ करून फोटो काढणारी मुलं. आक्का म्हणाली, "यांना बरं झोपा लागत आसतील." तिच्या स्वरात असूया नव्हती. नवल होतं.

डॉक्टर तरुण होत्या, औषधांच्या दुकानावरच्या एका छोट्या खोलीत बसत. त्यांनी आक्काच्या जाडजूड फायलीला लगेच हात लावला नाही. आधी विचारलं, मावशी, पहिल्यांदा झालं तेव्हा तुम्ही काय करत होतात? आक्का सांगू लागली. ती सांगत राहिली, त्या मध्ये न बोलता ऐकत राहिल्या. बाजार, तराजू, घाम, चुलीपुढच्या पहाटा, मशीन, सगळं. शेवटी तिने तोच प्रश्न विचारला, जो बोर्लीत अनुत्तरित राहिला होता.

"दुखतंय ते तुमचंच आहे, मावशी," डॉक्टर म्हणाल्या. "खोटं नाही, नाटक नाही. पण ते काळजाचं दुखणं नाही. काळजीचं आहे. त्यालाही औषध असतं."

आक्का रडली. आबा गेले तेव्हा ती अशी रडली नव्हती. आवाज न करता, पदर तोंडाशी न नेता, समोर पाहत ती रडत होती. तिच्या वेदनेवर कुणीतरी प्रथमच विश्वास ठेवला होता, आणि हे सुख तिला दुःखाइतकंही सोसवत नव्हतं.

त्यानंतर ती बरी झाली असं लिहून मोकळं व्हायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील असं सांगितलं होतं, आणि ते आठवडे फार सावकाश गेले. दुपारी आडवं व्हायचं नाही, संध्याकाळचा चहा बंद, रात्र कशीही गेली तरी पहाटे ठरल्या वेळी उठायचं, रोज चालायचं, मोबाइलवरचे ते आवाज ऐकायचे नाहीत, मशीन घरात ठेवायचं नाही. मशीन मी शांताकाकूंना दिलं, त्यांच्या यजमानांना खरोखरीचं बीपी होतं म्हणून. चार दिवसांनी कळलं, मी शाळेत गेले की आक्का तिकडे जाऊन दंड पुढे करते. मी काकूंना बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, "मी काय करू, दारात येऊन उभी ऱ्हाते." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला ठोकून दिलं की मशीन बिघडलं. भगताचा रस्ता दाखवणाऱ्या त्या बाईने केलेली ती खरी मदत.

शाळा सुटल्यावर आम्ही खाडीच्या बांधावरून चालू लागलो. ओहोटीच्या वेळी चिखलावर खेकड्यांची रांगोळी उमटलेली असे, खारफुटीच्या मुळांशी पाणी चुळचुळ करी. आधी आक्का दर थोड्या अंतरावर थांबे. मग थांबणं विरळ होत गेलं. फाल्गुनात तिला सलग झोप लागू लागली, आणि पळस फुलल्यासारखा तिच्या चेहऱ्याला रंग आला. आणि मग, आता काय गरज आहे, असं वाटून तिने मला न विचारता गोळ्या बंद केल्या. वैशाखातल्या काहिलीत सगळं पुन्हा उलटलं. तीच धडधड, तोच घाम, तेच तांबारलेले डोळे. मी माजघरात भिंतीला टेकून बसले. मला राग आला नव्हता. केवळ, पूर्ण चढून गेलेला डोंगर पुन्हा पायथ्यापासून दिसावा, तसं झालं होतं. आक्का समोर येऊन बसली आणि अपराधी मुलीसारखी म्हणाली, "सुमे, पुन्हा जाऊ या का गं?" आम्ही पुन्हा गेलो. डॉक्टर रागावल्या नाहीत. असं होतं, त्या म्हणाल्या. पुन्हा सुरू करू. फक्त आता मनाने बंद करू नका.

पाऊस आला, गेला. लावणी झाली, भात पोटरीत आलं, पिकलं. मधल्या काळात काही विलक्षण घडलं नाही, आणि काही न घडणं हीच आमची मिळकत होती. कार्तिकात पुन्हा एकदा अलिबागला दाखवून परतत होतो. दिघीला बोटीतून उतरून एस्टीत बसलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकत होता आणि बसमध्ये तांबूस, धुळीने भरलेला उजेड होता. आक्का खिडकीशी. मी काहीतरी सांगत होते, शाळेतलं. ती हुंकार देत होती. एका वळणावर हुंकार आला नाही. मी पाहिलं, तर तिचं डोकं माझ्या खांद्याकडे कललं होतं, तोंड किंचित उघडं होतं, आणि ती झोपली होती. दिवसाउजेडी, भर गाडीत, धक्के खात, न बोलावता, न घाबरता. वळणागणिक तिचं डोकं हलकेच माझ्या खांद्यावर टेके आणि उचललं जाई, आणि शेवटी ते तिथेच विसावलं.

आमचा थांबा आला. कंडक्टरने गावाचं नाव पुकारलं. जी झोप यावी म्हणून मी तिच्या टाचांना तेल चोळलं, जायफळ उगाळलं, खाडी ओलांडली, ती झोप आता माझ्या खांद्यावर होती आणि ती मीच मोडायची होती. मी कंडक्टरकडे पाहून मान हलवली.

"उतरायचं न्हाय का, बाई?"

"पुढच्या फाट्याला उतरतो," मी हळू आवाजात म्हणाले.

त्याने एकदा आक्काकडे पाहिलं आणि घंटी वाजवली.

पुढच्या फाट्याला तिला उठवावंच लागलं. ती क्षणभर गोंधळली, मग खाली उतरून इकडेतिकडे पाहू लागली. "गाव मागं ऱ्हायलं की," ती म्हणाली. मी म्हटलं, हो, माझं लक्ष नव्हतं. आम्ही रस्त्याच्या कडेने परत चालू लागलो. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताच्या खाचरांत वालाची कोवळी रोपं वर आली होती, आणि अंधार पडण्याआधीचा निळसर प्रकाश त्यांच्यावर रेंगाळत होता. आक्का माझ्या थोडी पुढे चालत होती. तिची पावलं स्थिर होती. मात्र वाटेत खळगा आला की ती आधी थांबे, पायाने चाचपे, मग पाऊल टाके. पूर्वी ती खळगे पाहत नसे.

ती आता बरी आहे, असं मी विचारणाऱ्यांना सांगते, आणि ते खोटं नाही. बहुतेक दिवस तिला झोप लागते. आठवड्यातून एखादा दिवस ती बाजारात बसते, हसते, लोकांशी बोलते. पण हसण्याआधी तिची नजर निमिषभर आत वळते, कुणाची तरी परवानगी घेतल्यासारखी, आणि मग हसू येतं. मी ते निमिष पाहते. कधी कधी ती समोर बसून जेवत असते आणि मला तिची इतकी आठवण येते की मी न मागताच तिच्या ताटात भात वाढते. कुठे गेली ती, हे कुणाला विचारायचं? माणूस एकदाच जातो असं आपण समजून चालतो. पण काळ त्याला त्याच्या हयातीतच थोडं थोडं नेत असतो, आणि जवळच्या माणसाने एकाच पानावर उरलेल्याला वाढायचं असतं आणि गेलेल्याची वाट पाहायची असते.